देव आधी, पैसा नंतर: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, राऊ आणि पीथमपूर भागात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकोस्टल अशा सगळ्या मंडळ्यांतले आहेत. जिथे मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. शास्त्राचे संदर्भ कंसात आहेत. पवित्र शास्त्र उघडून आजूबाजूच्या ओळींसह वाचावेत.

१. देवाला पैशाच्या आधी ठेवायचे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे?

एका माणसाला दोन धन्यांची चाकरी जमत नाही, आणि देवाची व धनाची चाकरी एकत्र होत नाही, असे येशूने सांगितले (मत्तय ६:२४). त्याच अध्यायात देवाचे राज्य आधी शोधा असेही तो म्हणतो (६:३३). अन्नवस्त्राची गरज तो नाकारत नाही. ही गरज स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे असे तो आधीच्या ओळीत स्पष्ट सांगतो. रांगेत पहिले कोण उभे आहे, एवढाच प्रश्न आहे.

हे तपासायला बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे विवरण काढा. पगार जमा झाल्यानंतरचे पहिले पाच व्यवहार बघा. देवासाठी आणि गरजूंसाठी दिलेला पैसा त्यात आहे, की महिनाअखेरीस उरलासुरला दिला, की दिलाच नाही? मग शेवटचा मोठा निर्णय आठवा: बदली, प्लॉट, मुलाचा कोचिंग क्लास. तो घेताना प्रार्थना आधी झाली की हप्ता ठरल्यावर? दोन्ही उत्तरे कागदावर लिहा. बहुतेकांना इथेच कळते की आपला क्रम कुठे उलटा झाला आहे. सुरुवात कशी करायची ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. मग श्रीमंत असणे पाप आहे का?

नाही. अब्राहाम श्रीमंत होता. येशूला स्वतःच्या नव्या कबरेत ठेवणारा अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता (मत्तय २७:५७–६०). फिलिप्पैची पहिली मंडळी जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियाच्या घरात जमत असे (प्रेषित १६:१४–१५, ४०). येशू आणि शिष्य गावोगाव फिरत तेव्हा काही स्त्रिया आपल्या पैशातून त्यांचा खर्च चालवत होत्या (लूक ८:१–३).

शास्त्र ज्यावर बोट ठेवते तो द्रव्याचा लोभ आहे (१ तीमथ्य ६:१०). त्याच पत्रात पुढे श्रीमंतांना थेट सूचना आहेत: गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, चांगले करा, उदार व्हा (६:१७–१९). मोठी कोठारे बांधणाऱ्या शेतकऱ्याचा दोष (लूक १२:१६–२१) भरघोस पीक आले हा नव्हता. त्याच्या सगळ्या हिशेबात देव आणि शेजारी कुठेच नव्हते, हा होता.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणाला. त्या सुईच्या नाकाबद्दल एक खुलासा करणे भाग आहे, कारण प्रवचनांतून चुकीचा अर्थ पसरला आहे. यरुशलेमेत "सुईचे नाक" नावाचा छोटा दरवाजा होता आणि उंट ओझे उतरवून, गुडघे टेकून त्यातून जात असे, असे सांगतात. असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. येशूने अशक्य गोष्टच सांगितली, म्हणून शिष्य थक्क झाले. आणि माणसाला अशक्य ते देवाला शक्य, असे त्याने लगेच म्हटले (मार्क १०:२५–२७). दरवाजाचे स्पष्टीकरण त्या बोलण्याची धार काढून टाकते.

३. सार्वकालिक जीवन कसे मिळेल असे विचारणाऱ्या श्रीमंत माणसाला येशूने सगळे विकायला सांगितले (मार्क १०:१७–२२). ते मलाही लागू आहे का?

तो आदेश त्या माणसाला होता, कारण त्याला नेमके तेच सोडवत नव्हते. जकातदार जक्कयाने निम्मे देतो म्हटले, आणि येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे जाहीर केले (लूक १९:८–९). हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून काही पैसा लपवून ठेवला, तेव्हा पेत्राने हनन्याला सांगितले की जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझाच होता. त्यांचा अपराध खोटे बोलण्याचा होता (प्रेषित ५:४). पण "मला लागू नाही" असे म्हणून सुटकेचा श्वास टाकण्याआधी विचारा की देवाने मागितली तर कोणती वस्तू तुमच्याने देववणार नाही. ज्या वस्तूचे नाव मनात येते तिथेच काम आहे.

काहींना सर्वस्व सोडण्याचे पाचारण खरोखर येते. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली. मात्र ज्यांच्यावर लहान मुले किंवा वृद्ध आईवडील अवलंबून आहेत त्यांनी प्रश्न ९ वाचल्याशिवाय असे पाऊल उचलू नये.

४. दशमांश देणे ख्रिस्ती माणसाला सक्तीचे आहे का? आणि तो नेमका कशावर काढायचा?

जुन्या करारात दशमांश धान्य, फळे आणि गुरेढोरे यांवर होता (लेवीय २७:३०–३२). मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशासाठी एक (गणना १८:२१), सणाच्या वेळी देवासमोर कुटुंबाने मिळून खाण्यासाठी एक (अनुवाद १४:२२–२६), आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या परदेशी, अनाथ व विधवांसाठी एक (१४:२८–२९). म्हणजे "दहा टक्के दिले, सुटलो" असा सरळ हिशेब तेव्हाही नव्हता.

नव्या करारात पौल टक्केवारी सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जसे उत्पन्न मिळाले असेल त्या मानाने बाजूला काढा (१ करिंथ १६:२). मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्या (२ करिंथ ९:७). कॅथलिक मंडळीत चर्चच्या गरजांना ऐपतीप्रमाणे हातभार लावणे हे कर्तव्य आहे, टक्का ठरलेला नाही. अनेक प्रोटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या दशमांश शिकवतात. आमचे मत असे की दहावा हिस्सा ही सुरुवातीची चांगली खूण आहे. तो तारणाची किंमत नाही, आणि वरची मर्यादाही नाही. पुदिना, शेपू, जिऱ्याचा दशमांश काटेकोर देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशूने झापले होते (मत्तय २३:२३).

आता हिशेब. पगारदाराचा कागदावरचा पगार ५०,००० आणि हातात येणारा ४४,००० असेल, तर दहावा हिस्सा ५,००० किंवा ४,४००. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. एक ठरवा आणि वर्षभर बदलू नका. हातातल्या पगारावर देत असाल, तर निवृत्तीनंतर पीएफ मिळेल तेव्हा त्यातला वाटा काढायचा राहिला आहे हे लक्षात ठेवा. पूर्ण पगारावर देत आला असाल, तर तुमच्या कपातीवर पुन्हा देण्याचे कारण नाही. व्याज आणि कंपनीचा वाटा हे नवे उत्पन्न.

दुकानदाराने विक्रीवर दशमांश काढू नये. समजा महिन्याची विक्री ३,००,००० झाली. माल २,२५,०००, भाडे १८,०००, मदतनिसाचा पगार १५,०००, वीज आणि किरकोळ ४,०००. उरले ३८,०००, दहावा हिस्सा ३,८००. विक्रीवर काढला असता तर ३०,००० द्यावे लागले असते आणि दोन महिन्यांत व्यापाऱ्याची उधारी थकली असती. उलट चूकही होते: घरातला किराणा, मुलाची फी, स्वतःच्या गाडीचे पेट्रोल दुकानाच्या खर्चात टाकून नफा शून्यावर आणला जातो. हा हिशेब आपण देवाला दाखवतो आहोत याचे भान असू द्या.

घर विकले तर खरेदीची किंमत व कर वजा जाता जो नफा उरेल त्यावर. कर्ज म्हणून मिळालेला पैसा उत्पन्न नाही.

५. दर महिन्याला ठरवतो, पण देणे होतच नाही. पद्धत कशी बसवावी?

महिनाअखेरीस द्यायचे ठरवले की काही उरत नाही. कारण खर्च नेहमी खात्यात दिसणाऱ्या शिलकेपर्यंत फुगतो. म्हणून पैसा दिसण्याआधीच बाजूला गेला पाहिजे.

एक वेगळे बचत खाते उघडा, शक्यतो किमान शिलकीची अट नसलेले. पगार ज्या तारखेला येतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची आपोआप रक्कम वळवण्याची सूचना बँकेला द्या. त्याच दिवशी नको, कारण पगार संध्याकाळी जमा झाला तर सूचना नापास होते. या खात्याला घराचा हप्ता किंवा मोबाइलचे बिल जोडू नका. जोडले की अडचणीच्या महिन्यात देवाचा वाटा हप्त्यात जातो आणि परत येत नाही.

एकदम दहा टक्के जमत नसेल तर दोन टक्क्यांनी सुरू करा. ३०,००० पगारावर ते ६०० रुपये होतात. प्रत्येक पगारवाढीला एक टक्का वाढवा. खात्यात जमलेल्या रकमेचा अर्धा भाग मंडळीला, पाव ओळखीच्या गरजूंना, आणि पाव अचानक येणाऱ्या मदतीसाठी ठेवला तर सोयीचे जाते. दवाखान्यातून फोन येतो तेव्हा हाच पाव हिस्सा कामाला येतो. ही विभागणी आमची सूचना आहे, शास्त्राचा नियम नव्हे.

एका वहीत तारीख, रक्कम, कुणाला, एवढेच लिहा. स्वतःच्या मुलाची शाळेची फी, भाच्याच्या लग्नाचा आहेर, सहलीची वर्गणी या गोष्टी त्या वहीत घालायच्या नाहीत.

६. पगार वाढला, पण देणे तेवढेच राहिले. हे चूक आहे का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, म्हणून विचारणाऱ्यांचे आम्हाला मोल वाटते. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनी ऑक्सफर्डमधल्या आपल्या गटातल्या एकाचा हिशेब नोंदवला आहे. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ मध्ये राही आणि २ देई. पुढच्या वर्षी ६० मिळाले. तो २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२.

संसारी माणसाला खर्च इतका गोठवणे जमणार नाही, महागाई आणि मुलांचे शिक्षण आहेच. पण वाढीचे तीन भाग करणे जमते: एक महागाईला, एक बचतीला, एक देण्याला. ३,००० वाढले तर १,००० देण्यात. पहिल्या वाढीव पगाराच्या आधी हे ठरवा. नंतर नव्या गाडीचा हप्ता ती जागा घेऊन बसतो.

७. डोक्यावर कर्ज आहे. आधी कर्ज फेडू की देवाला देऊ?

कर्जाची जात बघा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागते. ते थकलेले असताना कार्डावरून किंवा उसने घेऊन अर्पण देऊ नका. तो पैसा तुमचा नाही, सावकाराचा आहे. दुष्ट उसने घेतो आणि फेडत नाही, असे स्तोत्र ३७:२१ म्हणते. अशा काळात सवय तुटू नये म्हणून छोटी ठरलेली रक्कम ठेवा, १०० रुपये का असेना, आणि बाकी सारा जोर कर्जावर. वेळ आणि श्रम द्या: उपासनेच्या आधी खुर्च्या लावणे, आजाऱ्याला एमवाय रुग्णालयात घेऊन जाणे.

घराचे नियमित चालू असलेले कर्ज ही वेगळी गोष्ट. तो तुमचा दर महिन्याचा खर्च आहे. त्याच्या नावाखाली वीस वर्षे देणे थांबवणे पटण्यासारखे नाही.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे स्पष्ट आहेत (६:१–५, २२:२६–२७). मंडळीतल्या भावाचे कर्ज असले तरी, ते सगळे स्वतःला फेडता येईल तेवढ्याच रकमेला सही करा.

८. गरीब विधवेने जवळच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) दिल्या, मग "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणणाऱ्यांना पाठवलेले पैसे चुकीचे कसे?

मार्क १२:४१–४४ च्या लगेच आधीच्या ओळी वाचा. विधवांची घरे गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांब प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असे येशू तिथे सांगतो. विधवेची भक्ती खरी आहे, आणि तिच्याकडून शेवटची टोली घेणाऱ्यांना दिलेला इशाराही तितकाच खरा आहे. गरिबाने उपाशी राहून द्यावे असा नियम त्यातून निघत नाही. जवळ जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्या मानाने नाही (२ करिंथ ८:१२).

मलाखी ३:१० हे वचन मंदिराच्या भांडारात अन्न असावे म्हणून सगळ्या राष्ट्राला सांगितले होते. कुणा एका उपदेशकाच्या यूपीआय क्रमांकाशी त्याचा संबंध नाही. शंभरपटीच्या वचनात "छळणुकीसह" असे शब्द आहेत (मार्क १०:३०), ते सोयीने गाळले जातात. संपन्नता आणि उपासमार दोन्हींत तृप्त राहायला शिकलो, असे लिहिणारा पौल तेव्हा बंदिवासात होता (फिलिप्पै ४:११–१३).

ओळखण्याच्या खुणा: आजच पाठवा अशी घाई, ठरावीक आकडा, जसे १,१०० किंवा ५,१००, बरे झाले नाही तर तुमचा विश्वास कमी असा आरोप, व्यक्तीच्या नावाचे खाते, पावती नाही. आजारी माणसाच्या औषधाचे पैसे असे गेले तर घरच्यांनी त्याला रागावू नये. शेजारी बसावे, पाळकांना बोलवावे आणि पुढचे व्यवहार थांबवावेत.

९. आईवडिलांच्या औषधांना पैसे पुरत नाहीत. तरी मंडळीचा वाटा आधी काढावा का?

आईवडिलांची गरज आधी. "तुम्हाला मिळाले असते ते मी देवाला वाहिले" असे सांगून आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने देवाचा शब्द रद्द करणारे म्हटले (मार्क ७:९–१३). घरच्यांची काळजी न घेणाऱ्याने विश्वास नाकारला, असे पौल लिहितो (१ तीमथ्य ५:८). त्यांची सेवा हीच देवाची सेवा म्हणून करा. मात्र "घरचे" ही यादी ताणू नका: आईची इन्सुलिन त्यात येते, भावाच्या लग्नातला डीजे येत नाही.

१०. नवरा विश्वासात नाही (किंवा आहे, पण द्यायला तयार नाही). लपवून दिले तर चालेल का?

लपवून देऊ नका. कुरकुर करत दिलेले देवाला नको आहे, तर नवऱ्याच्या नकळत त्याच्या पगारातून काढलेले कसे चालेल? तुमची स्वतःची कमाई असेल तर तिच्यातून द्या आणि सांगून द्या. नसेल, तर घरखर्चाची आखणी दोघांनी मिळून करा आणि गरजूला थेट होणाऱ्या मदतीपासून सुरुवात करा. शेजारच्या मुलीची वह्या-पुस्तके समोर दिसतात. त्याला सहसा विरोध होत नाही. पेत्राने अशा घरांतल्या स्त्रियांना वादापेक्षा वागणुकीने जिंकायला सांगितले (१ पेत्र ३:१). बायको तयार नसेल तर नवऱ्यालाही हेच उत्तर.

११. पीथमपूरला शिफ्ट असते, रविवारी ओव्हरटाइमचे दुप्पट मिळतात. काय करावे?

शिफ्ट सक्तीची असेल तर मनाला लावून घेऊ नका. कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरली जाते. इतर मंडळ्यांत संध्याकाळची उपासना किंवा घरसभा असते. पाळकांना शिफ्टचा तक्ता देऊन ठेवा. ऐच्छिक ओव्हरटाइम असेल तर महिन्यात किती रविवार द्यायचे ते आधीच ठरवा. मान्ना म्हणजे रानात देवाने रोज दिलेले अन्न, त्याची गोष्ट इथे वाचण्यासारखी आहे: जास्त साठवलेले किडले, पण सहाव्या दिवशी गोळा केलेले दुप्पट टिकले (निर्गम १६:१९–२४). विसाव्याच्या दिवसाची सोय देवाने आदल्या दिवशीच केली होती.

१२. प्लॉट डायरीवर घेतला आहे, अर्धी रक्कम रोख. त्यातून नफा झाला तर दशमांश द्यावा का?

इंदूरमध्ये हा प्रश्न येणारच. नोंदणी न करता डायरीतल्या नोंदीवर प्लॉट फिरवणे, रजिस्ट्रीत कमी किंमत दाखवणे, ही इथल्या बाजाराची जुनी सवय आहे. "सगळेच करतात" हे उत्तर देवासमोर टिकत नाही. ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या (रोमकर १३:७); खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो (नीतिसूत्रे ११:१). चुकवलेल्या कराच्या पैशातून दिलेल्या दशमांशाने तो व्यवहार शुद्ध होत नाही. वाईट कमाई नवस फेडायला मंदिरात आणू नका, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २३:१८).

क्रम असा: आधी सीएकडे जाऊन नफा जाहीर करा, कर आणि दंड भरा, मग जे उरेल त्यातून द्या. लाच घेतली असेल तर ज्याची घेतली त्याला परत. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. तो माणूस सापडत नसेल तर ती रक्कम गरिबांसाठी जाऊ द्या, आणि तिच्यावर आपले नाव नको.

१३. मी मंडळीला भरपूर देतो, पण कामगारांचा पगार कधी कधी लांबतो. त्यात गैर काय?

गैर हेच, की तुम्ही दुसऱ्याच्या पैशाने दान करत आहात. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको (लेवीय १९:१३). अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते (याकोब ५:४). इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २०२३ च्या नाताळच्या दिवशी दिला गेला. मधल्या तीस वर्षांत कितीतरी कामगार वारले. इंदूरमध्ये राहून मजुरी थकणे म्हणजे काय हे वेगळे समजावायला नको.

घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार ठरल्या तारखेला गेला पाहिजे. तुम्ही गावाला गेलात म्हणून तिचे दिवस कापू नका.

१४. एफडी, शेअर, एफ अँड ओ, लॉटरी: यातले काय चालते?

जुन्या करारातली व्याजबंदी गरीब बांधवाच्या गरजेचा फायदा घेण्याविरुद्ध आहे (निर्गम २२:२५). बँकेतली एफडी त्यात येत नाही. दाखल्यातला धनीसुद्धा पैसा सावकाराकडे ठेवून व्याज मिळवता आले असते असे म्हणतो (मत्तय २५:२७). चांगल्या कंपनीचे शेअर दीर्घकाळ ठेवणे म्हणजे धंद्यात भागीदारी. लॉटरी आणि सट्टा टाळा. एफ अँड ओ म्हणजे शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे; त्यांबद्दल शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा २०२४ चा अभ्यास वाचा: २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. "जिंकलो तर अर्धे चर्चला" असा सौदा देवाशी करू नका.

१५. कापणीच्या सणाच्या लिलावात नारळ ५,००० ला जातो. हे देणे की दिखावा?

लिलाव स्वतः वाईट नाही. ज्यांच्याकडे रोकड नाही ते पपई, अंडी, भाकरी आणतात आणि त्यांचाही वाटा होतो. बिघडते ते बोलीवर टाळ्या पडू लागल्या की. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असा प्रभूचा शब्द आहे (मत्तय ६:१–४). कमिटीला तीन सूचना: बोली लावणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारू नका, वर एक मर्यादा ठेवा, आणि बोली लावून पैसे न भरणाऱ्यांची यादी फलकावर लावू नका, एका वडीलधाऱ्याने घरी जाऊन भेटावे. बाकावर, पंख्यावर नाव कोरण्याबाबतही हाच विचार.

१६. मंडळीचा हिशेब नीट दिसत नाही. तरी देत राहावे का?

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. यरुशलेमेसाठी मदत नेताना पौलाने सोबत आणखी बांधव घेतले, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:१८–२१). अर्पणाची थैली उपासना संपताच दोघांनी, नात्यात नसलेल्यांनी, एकत्र मोजावी. आकडा वहीत लिहून दोघांनी सही करावी. पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत. वर्षाचा तपासलेला ताळेबंद सभेत वाचला जावा. हे होत नसेल तर आधी खजिनदाराशी, मग कमिटीशी, मग धर्मप्रांताच्या कार्यालयाशी बोला. तोवर तुमचा वाटा वेगळ्या खात्यात साठू द्या (प्रश्न ५) किंवा पावती देणाऱ्या मिशन दवाखान्याला द्या. रागाच्या भरात तो स्वतःवर खर्च करू नका.

१७. अर्पणावर आयकरात सूट मिळते का? आणि कॅनडातला मुलगा थेट चर्चच्या खात्यात पाठवू शकतो का?

दानावरची, ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. रोख २,००० च्या वर दिलेल्या रकमेला सूट नाही. एकाच धर्मसमूहापुरत्या असलेल्या संस्थेला ही मान्यता सहसा नसते, म्हणून चर्चच्या पावतीवर सूट गृहीत धरू नका. सर्वांसाठी दवाखाना किंवा वसतिगृह चालवणाऱ्या न्यासाकडे ती असू शकते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सूट मिळत नाही म्हणून देणे घटले, तर प्रश्न १ कडे परत जा.

मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी अंशदान धरले जात नाही. त्याने कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरीही, तर ते विदेशी अंशदान आहे. त्यासाठी चर्चकडे एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नकळत घेतलेल्या रकमेमुळे अख्खी मंडळी अडचणीत येऊ शकते, म्हणून पाठवण्याआधी खजिनदाराला विचारा.

१८. आजारात "बरा झालो तर एक लाख देईन" असा नवस बोललो होतो. आता नोकरी गेली.

नवस बोलून उशीर लावू नको, असे उपदेशक ५:४–५ सांगतो, म्हणून गोष्ट हलक्यात घेऊ नका. पण नियमशास्त्रातच वाट आहे: नवस करणारा ठरलेले मोल देण्याइतका समर्थ नसेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे (लेवीय २७:८). पाळकांकडे जा, उत्पन्न उघडपणे सांगा, आणि कमी रक्कम किंवा लांब मुदत ठरवून घ्या. कर्ज काढून नवस फेडू नका. पुढच्या वेळी देवाला अट घालू नका, नुसते मागा.

१९. मृत्युपत्रात घराचा काही भाग मंडळीला ठेवायचा आहे. नातेवाईक म्हणतात ख्रिस्ती माणसाला ते करता येत नाही.

ही जुनी माहिती आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ११८ मध्ये जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीने धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवण्यावर कडक बंधने होती: मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले मृत्युपत्र, आणि ते ठरावीक मुदतीत जमा करणे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात ते कलम रद्द केले. आता तुम्ही ठेवू शकता.

मृत्युपत्र न करता गेलात तर पती किंवा पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते, मुलगा-मुलगी समान. मुले असतील तर तुमच्या आईवडिलांना या कायद्याने काहीच मिळत नाही. म्हातारी आई तुमच्यावर अवलंबून असेल तर मंडळीच्या आधी तिची तरतूद लिहा.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही करा, आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला काही ठेवले आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नका. त्याला ठेवलेला हिस्सा रद्द होतो. मंडळीचे नाव तिच्या नोंदणीप्रमाणे पूर्ण लिहा, नुसते "आमचे चर्च" नको. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणाची शक्यता असेल तर करून ठेवा. आणि मृत्युपत्र केल्यावर लग्न केले, पुनर्विवाह असला तरी, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. लग्नानंतर नवे करावे लागते.